मंत्रिमहोदय, 'उद्योजकाचे गुण लिहा' हे शिक्षण नव्हे

मा. उच्च शिक्षण मंत्री यांस,
स.न.वि.वि.

उद्योजकता विद्यापीठात प्रात्यक्षिकातून शिकवली जाईल, असा शब्द आपण दिला होता. हाती आला तो लेखी पेपर. शब्द पाळायचा नव्हता, तर दिलात कशाला?

वर यश मोजायचे ते शेवटच्या तासाच्या फॉर्मवर: 'व्यवसाय करावासा वाटतो का?' विषय ऐच्छिक, म्हणजे मुळात ओढ असलेलीच मुले तो घेतात. मग होकारात शिकवण्याचा वाटा किती? २०१४ मध्ये संशोधक बे आणि सहकाऱ्यांनी ७३ अभ्यास एकत्र तपासले. उद्योजकतेचे शिक्षण आणि व्यवसायाचा इरादा यांचा सहसंबंध निघाला जेमतेम ०.१४३ (पूर्ण जुळणी म्हणजे १), आधीचा इरादा हिशेबात धरल्यावर तोही टिकला नाही. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा. इरादा घटला तरी घाबरू नका. हा आपला पिंड नाही, हे कर्ज काढण्याआधी कळले तर मूल वाचते.

मानसशास्त्रज्ञ आइझेन यांच्या १९९१ च्या मांडणीत इरादा तीन गोष्टींवर उभा आहे: काम हवेसे वाटणे, जवळच्यांचा कौल आणि 'मला जमेल' हा भरवसा. पाहुण्यांच्या भाषणाने यातली पहिली गोष्ट चार दिवस हलते. भरवसा हातांनी केल्याशिवाय येत नाही.

मुलांचे प्रकल्प अहवाल उघडून बघा. विक्री दर महिन्याला दहा टक्क्यांनी वाढलेली, उधारीचा रकाना नाही. कच्चा माल रोखीने, वसुली साठ दिवसांनी. कागदावर नफा आणि तिसऱ्या महिन्यात गल्ला रिकामा. हे पाठ करून समजत नाही.

बारा आठवडे द्या. गट चौघांचाच हवा; आठ जणांच्या गटात तिघे राबतात, बाकीचे सह्या करतात. पहिले तीन आठवडे वीस अनोळखी ग्राहकांशी बोलणे. 'घ्याल का?' विचारू नये, तोंडदेखला होकार मिळतो. 'आत्ता हे काम कसे भागवता?' विचारावे. सहाव्या आठवड्यापर्यंत पहिली विक्री, तीही परक्याला. गुण रोजच्या रोकडवहीला द्यावेत. नफ्याला दिले की मुले मावशी-काकांना माल विकून मोकळी होतात.

पण मुलांसोबत बाजारात गेलेला तास प्राध्यापकाच्या कार्यभारात धरत नाहीत, वर्गात वाचून दाखवलेला धरतात. गटाच्या भांडवलाची मंजुरी येईपर्यंत सत्र संपते. साऱ्या व्यवस्थेला हजेरीपट आणि प्रमाणपत्र एवढेच दिसते, आणि त्याची किंमत विद्यार्थी मोजतात.

पुढच्या सत्राचे वेळापत्रक लागण्याआधी लेखी पेपर रद्द केल्याचे परिपत्रक काढा.

आपला,
उद्योजकता शिकवणारा एक प्राध्यापक