चाड्यावरची मूठ आणि सातबाऱ्यावरचं नाव

प्रति,
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शेतकरी स्त्रीचे नाव तिच्या हयातीतच सातबाऱ्यावर भोगवटादार (जमीनधारक) म्हणून लावण्याबाबत.

महोदय, स.न.वि.वि.

भीमा-सीनेच्या खोऱ्यातल्या काळ्या रानात एक पिढी एकेक करून उठून चालली आहे. १९३०-३५ च्या सुमारास जन्मलेल्या, न्हातंधुतं होण्याआधी लग्न होऊन आलेल्या, आता नव्वदी ओलांडलेल्या बायका. दहाव्याला माणसं जमतात. ‘खटल्याचं घर ओढलं’, ‘पाठ टेकली नाही कधी’ असं सगळे मनापासून बोलतात. पुढं मुलं वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) उतारा काढायला जातात, तेव्हा दिसतं की गट नंबरवर आईचं नावच नाही. किंवा आहे, पण उजवीकडच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात, विहीर आणि सोसायटीच्या कर्जबोजाच्या शेजारी.

या पत्रात तिला आम्ही थोरली म्हणतो. ती कुणा एका घरची नाही. मंगळवेढा, मोहोळ, माढा, बार्शी अशा रब्बी ज्वारीच्या सगळ्या पट्ट्यात वस्तीवस्तीवर ती होती आणि थोडी अजून आहे. तिनं नेमकं काय केलं ते आधी सांगतो, कारण ‘कष्ट’ हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातून काही दिसेनासं झालं आहे.

रब्बीची पेरणी उत्तरा-हस्तात. तिफणीचे (तीन फणांच्या पेरणीच्या अवजाराचे) बैल पुरुष हाकतो, पण पेरते ती बाई. तिफणीवर चाडं असतं : लाकडी वाटी, तळाला तीन भोकं, प्रत्येक भोकातून एक नळा एकेका फणाकडे उतरलेला. ओटीत बी घेऊन ती तिफणीमागून चालते आणि मुठीतून दाणे चाड्यात सोडते. एकराला चार किलो मालदांडी ज्वारी पडली पाहिजे. मूठ आवळली तर नांगे (मोकळ्या जागा) पडतात, सैल झाली तर दाटी होते. बैलांनी पाय उचलला की मूठही तेवढीच चालवावी लागते. फणाचं तोंड ओल्या मातीनं बुजलं तर त्या नळ्यात बी तुंबतं, आणि हे फक्त चाड्याकडे नजर असलेल्या बाईला कळतं. नजर हलली तर आख्खं तास (पेरणीची ओळ) कोरं जातं, ते दिसतं आठव्या दिवशी, मोड वर आल्यावर. तोवर वरची ओल उडालेली असते. ही ज्वारी पावसावर नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, म्हणून चुकलेलं तास पुन्हा पेरून फारसं हाती लागत नाही. घराचं वर्षाचं धान्य आणि जनावरांचा कडबा त्या एका मुठीवर असायचा. ‘बायका शेतात मदत करतात’ असं म्हणणाऱ्यानं चाडं जवळून बघितलेलं नसतं.

बियाणंही तिच्याच हातचं. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली एम ३५-१ म्हणजे आपली मालदांडी सरळ वाणाची आहे, संकरित नाही, म्हणून घरचं बी राखता येतं. पण राखायचं कसं ते ठाऊक पाहिजे. बी खळ्यावरच्या ढिगातून घ्यायचं नाही, उभ्या पिकातून घ्यायचं. काढणीआधी रानात फिरून मोत्यासारख्या दाण्याची, भरलेली कणसं हेरून वेगळी ठेवायची. काणी (दाण्याची काळी भुकटी करणारा रोग) आलेलं कणीस तिथल्या तिथं फडक्यात गुंडाळून काढून जाळायचं. ते मळणीत आलं तर त्याची काळी भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते आणि पुढच्या साली शेतात उगवते. (कृषी विद्यापीठ त्यासाठी किलोला चार ग्रॅम ३०० मेश गंधक चोळायला सांगतं, आणि ते चोळायलाच हवं.) मग ऊन देणं. दाणा दाताखाली कट्ट वाजला की वाळला, दबला तर अजून ओल आहे, आणि ओल राहिली की सोंडे (धान्यातले किडे) पडलेच. राख आणि सावलीत सुकवलेला लिंबाचा पाला घालून मडकं भरायचं, तोंड शेणमातीनं लिंपायचं. ते मडकं पेरणीपर्यंत कुणी फोडायचं नाही, घरात दाणा नसला तरी. खायचं आणि पेरायचं यांत भिंत घालून बसणारी ती बाई होती.

खायच्या ज्वारीचं पेव वेगळं. जमिनीत खोल खणलेलं, आतून पाचट-कडब्याचं अस्तर दिलेलं. ते उघडायच्या दिवशी तोंड मोकळं करून हवा खेळू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. ज्योत विझली तर माणूस उतरवायचा नाही, कारण कोंडलेल्या धान्यानं आतली हवा विषारी केलेली असते. घाईनं उतरलेली माणसं पेवात मेली आहेत.

काढणीचं थोडक्यात. रब्बी ज्वारी इकडे उपटतात, म्हणजे कडबा मुळापासून पुरा मिळतो. काळी जमीन तोवर भेगाळून कडक झालेली असते आणि हाताचे फोड फुटून त्यावर घट्टे पडतात. उपटलेल्या ज्वारीची कणसं खुडायची, पेंढ्या बांधायच्या, पाच पेंढ्यांचा पाचुंदा मोजायचा. खळं शेणानं सारवायचं, मळणी झाली की वावडीवर (उंच तिवईवर) उभं राहून वाऱ्याची दिशा धरून उफणायचं. याखेरीज पहाटेचं जातं, दोन वेळच्या भाकरी, धारा, शेणकूर, लेकरं, म्हाताऱ्यांचं पथ्यपाणी. दूध संस्थेच्या वहीत मात्र सभासद म्हणून बहुधा घरधनीच.

१९७२ च्या दुष्काळात ही बाई खडी फोडायला गेली. दुष्काळात मिळालेली सुखडी आणि लाल मिलो (परदेशी ज्वारी) आठवणारी माणसं अजून आहेत. सरकारी कागदावर तिचं नाव बऱ्याचदा पहिल्यांदा तेव्हाच आलं : कामाच्या हजेरीपटावर, अंगठ्यासमोर. शासनानं तिची मजूर म्हणून नोंद घेतली. शेतकरी म्हणून ती नोंद आजही व्हायची आहे.

महोदय, आता आपल्या खात्याचं.

‘कसेल त्याची जमीन’ हे कुळकायद्याचं वचन. १९४८ च्या कायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. त्याच कायद्यात ‘जातीने कसणे’ याची व्याख्या आहे. स्वतःच्या अंगमेहनतीनं किंवा कुटुंबातल्या कोणत्याही व्यक्तीच्या मेहनतीनं कसणं म्हणजे जातीनं कसणं. हे वाक्य दोनदा वाचावं ही विनंती. बायकोनं कसलेलं नवऱ्यानं कसलेलं धरलं गेलं. तिची मेहनत पुरावा म्हणून चालली, नाव चाललं नाही. जुन्या बाराच्या उताऱ्यावर जमीन करणाऱ्याच्या नावाचा रकाना असे, त्यात ‘खुद्द’ एवढंच लिहिलेलं सापडतं. खुद्द म्हणजे खातेदार. गाव नमुना १२ वर पीक म्हणून जे जे नोंदलं गेलं ते तिनं पेरलं, खुरपलं, काढलं. गाव नमुना ७ वर, म्हणजे मालकीच्या पानावर, ती नाही.

त्याच सुमारास हिंदू वारसा कायदा आला, १७ जून १९५६ पासून लागू. त्यात विधवा वर्ग एकची वारस, मुलामुलींइतक्याच हिश्श्याची. तरी आमच्या भागातले जुने फेरफार (नोंदीतले बदल) काढून पाहा. ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून थोरल्या मुलाचं नाव वर आणि आईचं नाव इतर अधिकारात, ‘पोटगी’ म्हणून. याच कायद्याच्या कलम १४ नं पोटगीच्या हक्कापोटी बाईच्या ताब्यात आलेली जमीनसुद्धा तिची पूर्ण मालकीची केली, आणि १९७७ साली तुलसम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते निःसंदिग्धपणे सांगितलं. दप्तरात ती तरीही पोटगीवालीच राहिली.

आणखी एक गाठ आहे, तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं सहहिस्सेदार केलं. चांगलं झालं. पण पन्नास-साठ वर्षं त्याच रानात राबणाऱ्या सुनेला त्यातून काही मिळालं नाही. लेकीला हक्क जन्मानं मिळतो, सुनेला नवऱ्याच्या मरणानं. नवरा हयात असेतो ती स्वतःहून वाटपही मागू शकत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली बाप-मुलांत वाटप होतं तेव्हा आईला मुलाएवढा हिस्सा धरायची आपल्याकडच्या हिंदू कायद्याची रीत आहे, तरी वाटपाच्या तक्त्यात तिचा रकाना बहुतेक वेळा आखलेलाच नसतो.

यावर उपाय आपल्याच खात्याकडे पडून आहे. शेतकरी संघटनेनं आणि शरद जोशींनी चालवलेल्या लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीनंतर शासनानं १९९२ साली परिपत्रक काढलं : पतीनं अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावायचं. विक्री नाही, बक्षीस नाही, साधा अर्ज आणि फेरफार. इतकं सोपं काम मग पुढं का सरकत नाही? एक तर ते पतीच्या मर्जीवर आहे. दुसरं, जमीन भावाभावांत सामाईक असली की कोणाची बायको कुठल्या हिश्श्यात म्हणून अर्ज मागं पडतो. तिसरं, सोसायटीचा बोजा बघून ‘आधी निल करून आणा’ असं तोंडी सांगितलं जातं. सहहिस्सेदाराचं नाव वाढल्यानं बोजा काही पुसला जात नाही, तो जमिनीवर जसाच्या तसा राहतो. अशा अर्जाला लेखी नकार मिळत नाही, म्हणून अपीलही होत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. थोरलीचं माहेरचं नाव एक, लग्नात ठेवलेलं दुसरं, आधारवर तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलेलं, आणि जुन्या फेरफारात नुसतं ‘भ्रतार अमका’, म्हणजे नवऱ्याचं नाव. वारस नोंदीच्या वेळी यातलं कुठलं खरं हे सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर येते. आणि ज्या बोटांनी साठ वर्षं ज्वारी उपटली त्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात, यंत्र ठसा घेत नाही.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे पीककर्ज नाही, ठिबकचं अनुदान नाही, नुकसानीच्या पंचनाम्यात नाव नाही, आणि आता शेतकरी ओळख क्रमांकही नाही, कारण तो जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. लाडकी बहीण ६५ वर्षांना थांबते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात अनुदान ७५ ला थांबतं. खुरपणी मात्र ७५ ला थांबत नाही. ऐंशीच्या बायका बांधावर बसून, सरकत सरकत खुरपताना आजही दिसतील, आणि साप वय विचारत नाही.

म्हणून आमचं मागणं असं आहे. लक्ष्मीमुक्तीचा क्रम उलटा करा. कोणताही वारस, वाटप किंवा खरेदीचा फेरफार धरताना विवाहित खातेदाराच्या पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा मसुदा अधिकाऱ्यानंच तयार करावा, आणि पतीला ते नको असेल तर त्यानं कारणासह लेखी द्यावं. सामाईक खात्यात हिस्सा न फोडता ‘अमुकच्या हिश्श्यात सहहिस्सेदार’ अशी नोंद चालेल, असं परिपत्रकात स्पष्ट लिहा. बोजा हे नकाराचं कारण होऊ शकत नाही, हेही लिहा.

२०२५ साली आपल्या खात्यानं ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारस लावायचं काम हाती घेतलं. त्या कामाचं आम्हाला मोल आहे. पुढच्या फेरीत एवढंच करा : इतर अधिकारात पडलेली आई, विधवा, पोटगी ही नावं संगणकावर वेगळी काढा, ज्या हयात आहेत त्यांची यादी चावडीवर लावा आणि त्यांना भोगवटादार सदरी आणण्याची सुनावणी गावातच घ्या. ओळख पटवायला ग्रामसभेपुढचा जबाब आणि दोन म्हाताऱ्या साक्षीदारांची सही पुरेशी माना. ठशाऐवजी डोळ्याची किंवा चेहऱ्याची पडताळणी करा. आणि आईचं हक्कसोडपत्र नोंदवायला येईल तेव्हा मुलांना बाहेर थांबवून ते तिला मोठ्यानं वाचून दाखवण्याचं बंधन दुय्यम निबंधकांवर घाला. आपण सही कशावर केली हे मागाहून कळलेल्या बायका आम्हाला ठाऊक आहेत.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शेतकरी स्त्रीचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे. सत्कार, साड्या, फलक होतील. त्यांना आमची हरकत नाही, पण त्या स्टेजवर चढवलेल्या प्रत्येक बाईच्या हातात आधी तिच्या नावाचा उतारा द्या.

शिबिरं तालुक्याला घेऊ नका, वस्तीवर घ्या, आणि हस्तात किंवा सुगीत घेऊ नका. चैत्रात खळी उरकलेली असतात, नवरा-बायको दोघं घरी सापडतात. सकाळी नको, कारण ती धारा आणि पाण्यात असते. दिवेलागणीच्या आधी तासभर मिळतो. उतारा, फेरफाराचा कोरा अर्ज, शाई आणि मोठ्या अक्षरातली प्रत घेऊन अधिकारी त्या वेळी आले, तर एका वस्तीचं काम दोन संध्याकाळी होतं.

कळावे,
भीमा-सीना खोऱ्यातली ज्वारी पिकवणारी कुटुंबं