पोटुशीचं दूध, बाळंतिणीचं दूध

अमळनेर, मार्गशीर्ष

प्रिय कल्पना,

तुझा फोन आला तेव्हा लसीकरणाचा दिवस होता. दारात बायकांची ही रांग, म्हणून धड बोलता आलं नाही. मोठीमायच्या हातचं मसाल्याचं दूध प्यावंसं वाटतं म्हणालीस, आणि सातव्या महिन्यात चालेल का हेही विचारलंस. चालेल गं. फक्त मोठीमाय दोन दुधं करायची आणि सगळे ती एकच समजतात. एक पोटुशीचं, एक बाळंतिणीचं. तेवढं वेगळं ठेव, बाकी हाताच्या अंदाजानं होतं.

आधी तुझं आत्ताचं. दूध कपभर, म्हणजे २०० मिली. एक खारीक आणि चार-पाच बदाम सकाळीच पाण्यात टाकून ठेव. संध्याकाळी खारकेची बी काढ, बदाम सोल, दोन्ही बारीक वाटून घे. जाड बुडाच्या पातेल्यात आधी घोटभर पाणी आणि मग दूध, म्हणजे खाली लागत नाही. उकळी आली की चिमूटभर हळद, दोन मिरे ठेचून, एक वेलची आणि नखभर सुंठपूड. गॅस मंद करून ढवळत राहा. पहिल्यांदा हळदीचा कच्चा, उग्र वास येतो. तो गेला आणि सायीच्या कडेला पिवळी तुपकट रेघ दिसायला लागली की वाटण घालायचं आणि दोन उकळ्या काढायच्या. खारकेनं दूध दाटसर होतं, गोडीही तिचीच पुरते. गूळ हवाच असेल तर गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर घाल, नाहीतर फाटायची भीती. ओलं आलं मात्र नकोच. त्यातल्या रसानं गरम दुधाच्या गुठळ्या होतात, सुंठेनं ती भानगड होत नाही.

हळद सुटी, पिवळीजर्द घेऊ नकोस. रंग उठून दिसावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळल्याचं सापडलेलं आहे, आणि आईच्या अंगात गेलेलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत जातं. इथे अजून बरेच जण हळकुंडं आणून दळून घेतात, तुझ्यासाठी पाव किलो बाजूला काढून ठेवते. जायफळ घातलंच तर खिरीत घालतो तेवढंच, जास्त नको. आणि खोकला झाला म्हणून कुणी ज्येष्ठमध टाकायला सांगितलं, तर गरोदरपणात ते टाळायचं असतं एवढं लक्षात ठेव.

केशराची डबी सासरहून आली असेलच! दोन काड्या घाल, वास छान येतो. पण बाळ गोरं होईल म्हणून कुणी रोज पाजत असेल तर सरळ हसून सोडून दे. रंग आई-बापाचा येतो, आणि तुम्ही दोघंही आमच्यासारखेच उन्हातले. मला ह्या गोऱ्या बाळाच्या हट्टाचा फार राग येतो, ते असो.

माहेरी आलीस की तुझे काका धारोष्ण दूध पुढे करतील. निरसं दूध अजिबात प्यायचं नाही, म्हैस घरची असली तरी. ब्रुसेला, लिस्टेरियासारखे जंतू त्यातून येतात आणि गर्भपातापर्यंत वेळ येऊ शकते. चांगलं उकळलेलंच पी.

आता माझ्यातली आशाताई बोलते, ऐकून घे. लोहाची लाल गोळी दुधासोबत घ्यायची नाही. दुधातलं कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही. गोळी दुपारी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर, दूध रात्री. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेव. ही लाल गोळी गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. बाळंत झालं की बायका पाकीट फळीवर टाकून देतात, तू टाकू नकोस. कॅल्शियम तुला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, एका कपातून जेमतेम पाव भाग मिळतो. म्हणजे दूध हे अन्न आहे, गोळीच्या बदल्यात नाही. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत करायची असते, झाली नसेल तर उद्याच जा. साखर वाढलेली निघाली तर गूळ बंद आणि खारकेचंही डॉक्टरांना विचार. दूध पिऊन लगेच आडवी होऊ नकोस, ह्या महिन्यात जळजळतं.

बाळंतिणीचं दूध दाट, चमच्यानं खायचं. चमचाभर अळीव दोन-तीन तास भिजवायचे, टरारून फुगतात आणि बुळबुळीत होतात. तुपात फुलवून कुटलेला डिंक, किसलेलं सुकं खोबरं, सुंठ जरा जास्त आणि भाजलेल्या बाळंतशेपांची पूड, हे सगळं अळिवाबरोबर दुधात शिजवायचं. अळीव आत्ता मात्र खायचे नाहीत. गर्भारणीला ते देत नाहीत, ही आपल्याकडची जुनी रीत मलाही पटते. मोठीमाय वाटी घेऊन बाजेशी बसायची, "पी ले व माय, थंडं व्हई जाई" म्हणत, आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही. तिच्या दुधापेक्षा त्या बसण्यानंच अर्धी बाळंतीण सुधारायची, असं मला वाटतं. तिची एकच गोष्ट मी मानत नाही, बाळंतिणीला पाणी कमी देणं. अंगावर पाजणारीला तहान जास्त लागते. भरपूर पाणी पी.

अळीव-शतावरीनं दूध वाढतं असं चारजणी सांगतील. शतावरी कल्पाच्या डब्यात साखरच बरीच असते, डॉक्टरांना विचारूनच घे. दूध खरं वाढतं ते बाळाला वरचेवर पाजल्यानं, दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा. बाळ जेवढं ओढेल तेवढं बनतं. आणि बाळाला गुटी, मध, पाणी काहीही नाही, सहा महिने फक्त अंगावरचं. ताप आला, अंगावरून जास्त गेलं किंवा वास यायला लागला, तर दूध-काढा करत घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी माझं घरी येणं ठरलेलंच आहे, नोंदवही घेऊन. तेव्हा वाटी कुणाच्या हातात आहे ते बघेनच. खारीक-बदाम तिकडून ओढून आणू नकोस, इथे बाजारात सगळं मिळतं. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद तेवढे एका पिशवीत घालून आण, आणि गाडीचं तिकीट काढलंस की कळव.

काकूंना नमस्कार.

तुझी,
सुमन