जुनी गाणी नक्की कोणाची जुनी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की सगळ्याच पेपरांच्या पुरवण्यांमध्ये "सुवर्णकाळातली अवीट गाणी" टाइपची एक यादी येतेच येते, आणि मोबाईलवरच्या ऍपवर तर ती बाराही महिने असते, फक्त वरचा फोटो बदलतो. त्या सगळ्या याद्या एकमेकींची कॉपी केल्यासारख्या का असतात हा माझा प्रश्न आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय. शुक्रतारा, भातुकलीच्या खेळामधली, केतकीच्या बनी, मग थोडं गीतरामायण, एक नाट्यगीत, चव बदलायला एखादी लावणी, झाली यादी. आता कोणी म्हणेल बाईंना भावगीतांचं वावडं आहे, तर तसं अजिबात नाही. शुक्रतारा लागलं की मी हातातलं काम सोडून बसते, पाडगावकर, खळे आणि अरुण दाते-सुधा मल्होत्रा असं जमून आलेलं प्रकरण परत परत होत नसतं. पण चाळीस-पन्नास वर्षांत महाराष्ट्रात वाजलं ते काय एवढंच?

झालं असं की यंदा आमच्या सोसायटीच्या कोजागिरीला जुन्या गाण्यांची प्लेलिस्ट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ग्रुपवर मेसेज टाकला की प्रत्येक घरानं पाच-पाच गाणी सांगा, फक्त मराठी, आणि तुमच्या लहानपणी घरात किंवा गल्लीत खरंच वाजायची तीच सांगा, आज आवडतात म्हणून नको. ही अट घातली आणि सगळं चित्रच पालटलं की हो. बी विंगमधल्या काकांनी गीतरामायण सांगितलं ते अपेक्षितच होतं. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक अशी वर्षभर छप्पन्न गाणी, गदिमा आणि बाबूजी, आणि लोक रेडिओला हार घालून बसायचे असं माझी आईसुद्धा सांगायची. पण त्यांच्याच शेजारचं सांगलीकडचं कुटुंब म्हणालं आमच्याकडे सुलोचना चव्हाण आणि 'पिंजरा'. वर्सोव्याहून लग्न होऊन आलेल्या वहिनींनी वेसावकर आणि मंडळींची कॅसेट मागितली आणि वर म्हणाल्या की 'मी डोलकर' घ्या हो जरूर, चांगलंच आहे, पण आमच्या हळदीत ते नाही वाजायचं. आमचे वॉचमन जालन्याकडचे, त्यांनाही मी मुद्दाम विचारलं तर त्यांनी एक मिनिट पण न घेता प्रल्हाद शिंदेंची दोन आणि वामनदादा कर्डकांचं एक सांगितलं, कितव्या कडव्यात कोरस येतो त्याच्यासकट. आणि तिशीतल्या पोरांची नॉस्टॅल्जिया म्हणजे 'गारवा', आभाळमायाचं शीर्षकगीत आणि 'कोंबडी पळाली'! मला आधी हसू आलं, पण 'गारवा' १९९८ चा, आभाळमाया १९९९ ची आणि 'कोंबडी पळाली'वाला 'जत्रा' २००६ चा, म्हणजे त्यांचंही जुनं झालंच की आता.

यादी ग्रुपवर टाकली आणि वादाला तोंड फुटलं. दादा कोंडकेंवर कोणी बोललं नाही, पिंजरावर तर नाहीच, तो शांतारामबापूंचा ना. पण आनंद शिंदेंचं पोपटाचं गाणं दिसल्याबरोबर दोघातिघांनी लिहिलं की कोजागिरीला हे कशाला, जरा स्टँडर्ड राहू द्या. प्रल्हाद शिंदेंचं 'पाऊले चालती पंढरीची वाट' मात्र सगळ्यांना चालत होतं. म्हणजे वडील चालतात, मुलगा चालत नाही, आणि गंमत बघा, 'दुनियादारी'तलं 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' हे नातवाचं, आदर्श शिंदेचं गाणं त्याच लोकांनी स्वतःहून सुचवलेलं होतं. एकाच घराच्या तीन पिढ्या, त्यातली मधलीच तेवढी नको.

मला वाटतं याचं कारण गाण्यांच्या दर्जात कमी आणि ती आपल्यापर्यंत कशी पोचली यात जास्त आहे. साठ-सत्तरच्या दशकात गाणं ऐकायचं म्हणजे रेडिओ, नाहीतर तबकडी. रेडिओवर कोणी गायचं ते आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये ठरायचं आणि तबकडी वाजवायला घरात ग्रामोफोन लागायचा, तो किती जणांकडे होता? आपली आवड, कामगार सभा हे कार्यक्रम घराघरात ऐकले जायचे हे खरंय पण आपली आवड म्हणजे शेवटी स्टेशनवर ज्या रेकॉर्ड होत्या त्यातलीच आवड. मग ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि ही सगळी चाळणीच बाजूला पडली. छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या, कुठला शाहीर, कुठलं कोळीवाड्यातलं मंडळ, कुठली कव्वाली पार्टी, चार पैसे गाठीला असले की रेकॉर्डिंग करून मोकळे, आणि ते गाणं रिक्षात, चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, गणपतीच्या मांडवात सगळीकडे वाजायला लागलं. भीमगीतं तर त्याआधीपासून लोकांच्या तोंडी होतीच. वामनदादा गावोगाव फिरून गायचे, चौदा एप्रिलला लोक तीच म्हणायचे, पण घरी आणून पाहिजे तेव्हा लावता यायला लागली ती कॅसेटमुळे. आपल्या "सुवर्णकाळ" याद्या मात्र अजून रेडिओ आणि तबकडीपाशीच अडकून बसल्यात, कारण त्या करणाऱ्यांच्या घरात तेच होतं. त्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, ज्याच्या घरात जे वाजलं ते त्याला जुनं वाटणारच, पण मग त्याला "महाराष्ट्राची गाणी" म्हणू नका एवढंच.

कॅसेटवरून आठवलं, आमच्या कल्याणला स्टेशनजवळ गाणी भरून देणारी दुकानं होती, नव्या पोरांना हे सांगूनही खरं वाटत नाही. वहीच्या कागदावर यादी लिहून न्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी जायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला तीस मिनिटं म्हणजे सात-आठ गाणी, आणि शेवटचं नेमकं अंतऱ्यात तुटायचं, त्यामुळे शेवटी मुद्दाम छोटं गाणं टाकायचं ही अक्कल हळूहळू यायची. आतल्या कार्डावर निळ्या पेननं नावं लिहायची, सिनेमाचं नाव कंसात. माझ्या एका जुन्या कार्डावर एका बाजूला सुमन कल्याणपूर आणि दुसऱ्या बाजूला १९८७ च्या 'गंमत जंमत'मधलं 'अश्विनी ये ना', किशोरकुमारचं, आणि त्याच्या खाली सलग तीन शिंदे! त्या वयात स्टँडर्डबिंडर्ड कोणाला माहीत होतं, जे आवडायचं ते भरायचं.

आता ऍपवर हे काम सोपं असेल असं वाटलं होतं तर तिथे वेगळाच ताप. दशकाप्रमाणे लावायला गेले तर साल भलतंच. 'बुगडी माझी सांडली गं' हे १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मधलं, पण ते कुठल्यातरी संग्रहात परत टाकलंय म्हणून समोर या शतकातलं साल येतं. मूळ गाणं म्हणून लावलं की भलत्याच आवाजातलं कव्हर निघतं, मागे कीबोर्ड वाजतोय, आणि चारदा शोधल्यावर खरं सापडतं. पाडगावकर म्हणून शोधलं तर त्यांच्या कवितावाचनाचे तुकडे येतात, गाणी येत नाहीत, कारण गाण्याखाली फक्त गायकाचं नाव, कवी आणि संगीतकार गायब. निदान भावगीतांसाठी शोधणारे आणि नोंदी ठेवणारे लोक आहेत, पुस्तकं आहेत. कॅसेटवाल्या गाण्यांचं काय? त्यांचे गीतकार आतल्या कार्डावर बारीक अक्षरात छापलेले असायचे, कॅसेट फेकली की नाव गेलं. आमच्या यादीतल्या कितीतरी गाण्यांपुढे गीतकाराचा रकाना रिकामा राहिला आणि ते सगळे रकाने त्या "स्टँडर्ड नसलेल्या" बाजूचे आहेत, भावगीतांचा एकही नाही.

(ज्यांना अशी लिस्ट करायचीय त्यांच्यासाठी एक, सेटिंगमध्ये आवाज समान करायचा पर्याय असतो तो चालू करा. नाहीतर सुमन कल्याणपूर बाईंचं अंगाई संपून अजय-अतुल सुरू झाले की मांडीवरची झोपलेली पोरं दचकून उठतात.)

शेवटी आम्ही दशकंबिशकं सोडून दिली आणि संध्याकाळ जशी सरकते तशी गाणी लावली. दूध आटेपर्यंत भावगीतं, मुलं जागी आहेत तोवर 'नाच रे मोरा', मग लावण्या, कोळीगीतं, भीमगीत, आणि पोपट सगळ्यात शेवटी. स्टँडर्डवाल्यांपैकी कोण कोण नाचलं ते मी लिहीत नाही, ते तुमचाच पेपर वाचतात.

तुम्हाला विनंती अशी की यंदा पुरवणीत तीच यादी परत छापण्याआधी वाचकांकडून मागवा. जिल्ह्याजिल्ह्यातून मागवा, रत्नागिरीची वेगळी येईल, नांदेडची वेगळी, धुळ्याची त्याहून वेगळी. आणि प्रत्येक गाण्यापुढे गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकाराचं नाव छापा. ज्यांच्याकडे अजून जुन्या कॅसेटी पडल्यात त्यांना सांगा की आतल्या कार्डाचा फोटो काढून पाठवा. माझ्याकडे बुटाच्या खोक्यात बऱ्याच आहेत, पहिले फोटो मी पाठवते.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
कल्याण (पूर्व)