जुन्या अंकांतल्या जाहिराती एकदा उघडून द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमवर पानभर लेख होता. चवीनं वाचला. फक्त एका वाक्याला अडखळलो. लेखकाचं म्हणणं असं, की भारतात व्हिडिओ गेम खऱ्या अर्थानं आले ते मोबाईलबरोबर. त्याआधी थोडीफार ‘चिनी खेळणी’ होती, इतकंच.

मी साताऱ्यात मोती चौकाजवळ पस्तीसेक वर्षं टीव्ही दुरुस्त करतो. त्यातल्या निदान सात-आठ वर्षांत दिवाळीनंतरचा महिना आणि अख्खा मे माझ्या टेबलावर ही ‘थोडीफार खेळणी’ टीव्हीपेक्षा जास्त असायची. अॅडॉप्टर जळलेले, रिमोटची वायर जिथे आत शिरते नेमकी तिथेच तुटलेली, गोळी मारायचं बटण दाबून दाबून त्याखालच्या रबराचा कार्बन गेलेला. त्या रबराला सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कापून चिकटवायचो. सहा महिने आरामात चालायचं. ‘पोरांचाय हो’ म्हणून मशीन टाकून जाणाऱ्या एक बाई होत्या. टँकच्या गेममध्ये डावीकडे वळताना बटण कुठल्या स्टेजला अडकतं, हे मात्र त्यांना बरोब्बर ठाऊक होतं.

लेखात ‘कॅसेटमध्ये फुंकर मारली की गेम सुरू व्हायचा’ असंही हौसेनं लिहिलंय. फुंकरीनं काही होत नसतं. कॅसेट काढून परत बसवली की पिना घासल्या जातात आणि कॉन्टॅक्ट मिळतो, काम त्यानं होतं. फुंकरीतली ओल उलट पिनांना गंज आणते. (मीही फुंकर मारायचो. गिऱ्हाईकासमोर नाही.)

पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं मला एक व्हिडिओ दाखवला. पोलंडमधला एक तरुण जुन्या गेमच्या इतिहासाचे व्हिडिओ करतो. त्याचा विषय आपलाच, म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनच्या नकला. त्यांच्या देशात ही मशीनं पेगासस नावानं विकली गेली, रशियात १९९२ पासून डेंडी नावानं. या दोघांवर त्यानं तासतासभर बोलून ठेवलंय: कुठल्या कंपनीनं आणली, जाहिरात कशी केली, डब्यावर काय छापलं होतं. भारताच्या वाट्याला आठ सेकंद. एक धूसर फोटो, आणि मागे मारिओचं संगीत.

ते संगीत ऐकून मी म्हटलं, “हे आपलं नव्हे. हे पळतंय.”

मुलगी म्हणाली, “बाबा, मारिओ सगळीकडे सारखाच असतो.”

माझे वडील भजनात पेटी धरायचे. लय सरकली की मला कळतं. तिच्याकडून त्या पोराला इंग्रजीत कळवलं, की आमच्याकडे हे असं वाजत नव्हतं. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं: शक्य आहे, पण पुरावा लागेल. मग माळ्यावरून माझं जुनं मशीन खाली काढलं. पिना खोडरबरनं घासल्या, एक फुगलेला कपॅसिटर बदलला, आणि मारिओ पहिल्या स्टेजला नुसता उभा करून ठेवला. हातात घड्याळ घेतलं. पडद्यावरचं गेमचं घड्याळ ४०० पासून शून्यापर्यंत यायला तीन मिनिटं बारा सेकंद लागले. तिकडे पोलंडमध्ये त्या पोरानं जपानी मशीनवर तेच केलं. त्याचा आकडा आला दोन मिनिटं चाळीस सेकंद.

कारण सांगतो, कारण लेखात ते यायला हवं होतं. जपानी टीव्ही सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवायचा, आपला ५०. मारिओचं घड्याळ सेकंद मोजत नाही, चित्रं मोजतं; दर २४ चित्रांनी एक आकडा उतरतो. ४०० आकड्यांची चित्रं झाली ९,६००. त्याला ६० नी भागा, १६० सेकंद. ५० नी भागा, १९२. आपल्या पिढीनं अख्खा मारिओ जपानी पोरांपेक्षा सावकाश खेळला आणि कुणाला पत्ता नाही! आणखी गंमत पुढेच आहे. निन्टेन्डोनं युरोपसाठी स्वतः जे मशीन काढलं त्यात आतल्या आयसीची, म्हणजे चिपची, गतीही उतरवलेली होती, त्यामुळे त्यावर तीच कॅसेट लावली तर लयीबरोबर सूरही पेटीवरच्या एका पट्टीहून थोडा जास्त खाली जातो. नकलांत तसं नाही. त्या बनवणाऱ्यांनी आतली गती जपानीच्या जवळपास ठेवली. म्हणून आपल्याकडे पट्टी तीच, लय मात्र ठाय. असा मारिओ ना जपानला मिळाला, ना जर्मनीला.

मशीन उघडलंच होतं म्हणून आतले फोटोही पाठवले. दोन मोठे आयसी, त्यांवर यूएमसी ही अक्षरं, एकावर यूए६५२७पी, दुसऱ्यावर यूए६५३८. यूएमसी ही तैवानची कंपनी. तेव्हा ‘चिनी खेळणी’ हेही धड खरं नाही. मूळ मशीन निन्टेन्डोनं जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला १४,८०० येनला विकायला काढलं, त्याचे आयसी तैवानमध्ये नकलले गेले आणि वरचं प्लास्टिक ज्यानं त्यानं आपापलं चढवलं. नंतर नंतर आयसीच दिसेनासे झाले. पाटीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब, सगळं त्याच्याच पोटात. तसलं मशीन आलं की मी हात जोडायचो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

माझं पहिलं रेकॉर्डिंग फसलं तेही सांगून टाकतो. मुलीच्या मित्राकडून टीव्हीचं चित्र कॉम्प्युटरात घ्यायची एक डबी आणली, पिवळी पिन जोडली, रात्री अकरापर्यंत बसून कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम खेळलो आणि पाठवून दिलं. पोराचं उत्तर: चित्र काळंपांढरं आहे आणि वर सरकतंय. डबी अमेरिकन, म्हणजे ६० चित्रांच्या पद्धतीवर लावलेली होती. जन्म टीव्हीत गेला माणसाचा! बायको दोन दिवस हसत होती.

दुसरं रेकॉर्डिंग बरोबर गेलं, आणि कॉन्ट्रातून एक भलतीच गोष्ट हाती लागली. जपानी कॉन्ट्रात ताडांची पानं हलतात, बर्फ पडतो, दोन स्टेजच्या मध्ये नकाशा येतो. अमेरिकन कॉन्ट्रात यातलं काही नाही. आमच्या साताऱ्यातल्या कॉन्ट्रात पानं ढिम्म हलत नव्हती. म्हणजे कॅसेटचा साचा जपानी, ६० पिनांचा, आणि आतला गेम अमेरिकन. त्या पोरानं कारण काढलं: जपानी कॉन्ट्राच्या कॅसेटमध्ये तो गेम काढणाऱ्या कोनामी कंपनीची स्वतःची खास चिप होती, ती नकलायची म्हणजे खर्च. अमेरिकन कॅसेटमध्ये ते काम बाजारात मिळणाऱ्या साध्या आयसींनी केलेलं. नकल करणारा स्वस्तातली वाट धरणार, हे उघडच आहे. तीस वर्षं मी ती ताडाची झाडं बघत होतो, त्यांच्यात हे दडलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

माझ्याकडच्या ‘९९९९९९९ इन १’ कॅसेटचंही पोस्टमॉर्टेम झालं. मेनूत समुद्रकिनारा, वर उडणारे पक्षी, खाली न संपणारी यादी. आत सात गेम निघाले. बाकी तेच गेम वेगळ्या नावानं, कुठे तिसऱ्या स्टेजपासून सुरू होणारे. त्या काळी एका गिऱ्हाईकाला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की सगळे खेळायला जन्म पुरायचा नाही.

आता मुद्द्यावर येतो. ही मशीनं आपल्याकडे कधी आली, असं त्या पोरानं विचारलं. मी बेधडक १९९० सांगितलं. मला डोळ्यांसमोर दिसत होतं: जुनं दुकान, पाऊस, पहिलं मशीन घेऊन आलेला माणूस. त्यानं ते आपल्या व्हिडिओच्या मजकुरात घेतलंसुद्धा. मग सहज दुकानातल्या दुरुस्तीच्या वह्या काढल्या. पहिली नोंद सापडली नोव्हेंबर १९९३ ची: ‘व्हि. गेम, अॅडॉप्टर, ३५ रु.’ त्याआधीची वही आहे, तीत एकही नाही. त्याच्याही आधीच्या दोन वह्या वाळवीनं खाल्ल्या. घाईघाईनं कळवून ते वाक्य काढायला लावलं. आठवण खोटी होती असं मी म्हणत नाही, पण माझ्याकडे कागद नाही. त्या पोराची पद्धत मला पटली: ज्याला कागद नाही ते व्हिडिओत ‘असं म्हणतात’ म्हणूनसुद्धा जायचं नाही.

कागद कुठले? डबा, त्यावरचं कंपनीचं नाव, वॉरंटी कार्ड, दुकानाचं बिल. हे सगळं आज लोकांच्या माळ्यावर आहे आणि घर पुनर्बांधणीला गेलं की थेट भंगारात जातं. लोक मशीन ठेवतात एक वेळ, डबा फेकतात. आम्हाला डबाच हवा असतो. गेम तसा सापडतो कुठेही; अख्खा मारिओ ४० केबीचा आहे, तुमच्या फोनमधल्या एका ‘शुभ सकाळ’पेक्षा लहान. सापडत नाही ते हे, की मिरजेच्या की कोल्हापूरच्या कुठल्या दुकानात, कुठल्या दिवाळीत, केवढ्याला मिळत होता.

अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन नावाची संस्था आहे. त्यांनी २०२३ मध्ये पाहणी करून सांगितलं, की तिकडे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. जिथे कंपन्या होत्या, परवाने होते, तिथली ही गत. आपल्याकडेही परवान्याचं काहीच नव्हतं असं नाही. निन्टेन्डोचं अधिकृत मशीन सामुराय नावानं इथे विकलं गेलं, सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीची मशीनं शॉ वॉलेसनं आणली. हो, तेच दारूवाले. पण माझ्या टेबलावर सेगा उभ्या आयुष्यात एकदा आला, सामुराय एकदाही नाही. आमच्याकडे यायचे ते लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर असल्या नावांची मशीनं. त्यांचे हिशोब कुणी ठेवले असतील तर ते अजून समोर आलेले नाहीत.

म्हणून आपल्याला विनंती. आपल्या कार्यालयात जुन्या अंकांचे बांधीव खंड असणार. १९८८ ते १९९८ या दहा वर्षांतल्या फक्त दिवाळीच्या आधीच्या आठवड्याचे अंक बघायचे. आतल्या पानांवर, मिक्सर आणि प्रेशर कुकरच्या शेजारी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या चौकटीतल्या जाहिराती असायच्या. त्यांत व्हिडिओ गेमची ओळ सापडली तर एका जागी चार गोष्टी मिळतात: तारीख, नाव, किंमत, गाव. पोलंडच्या पोराकडे त्यांच्या वर्तमानपत्रांची अशी कात्रणं आहेत, त्यानं मला दाखवली. मी त्याला म्हटलं, आमच्याकडेही असतील. आता मला तोंडघशी पाडू नका.

आपल्या लोकांचा वेळ जाऊ नये म्हणून मी स्वतः यायला तयार आहे. सोमवारी माझं दुकान बंद असतं. सकाळच्या एसटीनं निघालो तर दहाला पुण्यात पोचतो. खंड बाहेर नेणार नाही, झेरॉक्स मागणार नाही, फोनवर फोटो काढीन. जुन्या कागदाची धूळ मला बाधते, तेव्हा मास्क माझा मी आणीन. व्हिडिओत खाली आपल्या वर्तमानपत्राचं नाव आणि अंकाची तारीख दिसेल, हे त्या पोरानं कबूल केलंय.

पत्र छापल्यास एवढं करा, माझं नाव छापू नका. गावात मला अजून लोक टीव्हीवाला म्हणून ओळखतात, ते बरं आहे. मात्र ज्या वाचकांच्या माळ्यावर डबा असेल त्यांनी तो आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर फोटोरूपानं पाठवावा, अशी एक ओळ पत्राखाली टाकता आली तर बघा. डब्याच्या चारही बाजूंचे फोटो हवेत. लोक पुढचीच बाजू काढतात, आणि किंमत नेहमी खालच्या बाजूला चिकटवलेली असते.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक, सातारा