पंच्याऐंशी ओलांडलेल्यांनाच विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी एका पाहणीसाठी आमच्या घरी एक तरुण आला होता. सासूबाई ओसरीवर बसलेल्या असूनही त्याने त्यांच्याविषयीचे सगळे प्रश्न मला विचारले, ‘ऐकू येत नाही’ या रकान्यात खूण केली आणि तो पुढच्या घरी गेला. सासूबाईंना डाव्या कानाने ऐकू येते. त्या बाजूला बसून सावकाश बोलले, की त्या प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देतात. तो गेल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “मला काय इचारलंच न्हाई त्यानं.” हे वाक्य अजून मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अतिवृद्धांच्या जगण्याचा अभ्यास कसा करावा, याचे एक चांगले उदाहरण इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरात आहे. तेथे २००६ साली वैद्यक, जीवशास्त्र, समाजशास्त्र आणि रोगपरिस्थितिशास्त्र (लोकसमूहांतील रोगांचा अभ्यास) अशा निरनिराळ्या विषयांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन, १९२१ साली जन्मलेल्या, म्हणजे तेव्हा पंच्याऐंशी वर्षांच्या असलेल्या शहरातील आणि परिसरातील लोकांचा अभ्यास सुरू केला. परिचारिका त्यांच्या राहत्या जागी जात, एका बैठकीत न उरकता पुन्हा पुन्हा जात. वृद्धाश्रमात असलेल्यांना किंवा स्मृतिभ्रंश झालेल्यांनाही त्यांनी वगळले नाही. ठरवलेल्या अठरा आजारांपैकी एकही नाही, असा माणूस त्यांना आढळला नाही. तरीही आपल्या वयाच्या इतरांच्या मानाने आपली तब्येत चांगली आहे, असे सुमारे ७८ टक्के लोकांनी सांगितले. मला हे वाचून नवल वाटले नाही. दोन्ही गुडघे धरलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, रक्तदाबाची गोळी रोजची, आणि तब्येत विचारली की सासूबाई म्हणतात, “बरी हाय की.” समोरच्या आळीतली त्यांची मैत्रीण तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहे आणि त्या स्वतःला तिच्याशी ताडून पाहतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

या अभ्यासाला एकाच विषयाचे तज्ज्ञ का पुरत नाहीत, हे मला घरातच उमगले. दोन उन्हाळे सासूबाईंना लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि दोन्ही वेळा औषधाने बराही झाला. खरे कारण मात्र निराळेच होते. आमचे संडास-न्हाणी अंगणापलीकडे आहे, मध्ये उंच उंबरा आहे, रात्री तो ओलांडताना तोल जाईल आणि आम्हाला उठवावे लागेल, या संकोचाने त्या दुपारी चारनंतर पाणीच पीत नव्हत्या. संध्याकाळचा तांब्या सकाळी भरलेलाच दिसतो, हे माझ्या नातीच्या लक्षात आले. डॉक्टरांनी संसर्ग ओळखला, पण उंबरा त्यांना दिसणार नव्हता. व्यायामोपचार करणाऱ्याला उंबरा दिसला असता, पण सुनेला उठवण्याचा संकोच त्याच्या कागदावर आला नसता. एका तांब्यामागचे कारण समजायला तीन-चार प्रकारची माणसे एका ओसरीवर बसायला हवीत. उंबऱ्याशेजारी कठडा बसवला आणि तांब्या रिकामा होऊ लागला.

वयाची खातरजमा हा प्रश्न आपल्याकडे विशेष अवघड आहे. सासूबाईंच्या ओळखपत्रावर १ जानेवारी १९३५ ही जन्मतारीख आहे. त्या मात्र सांगतात, की गांधीजींच्या खुनानंतर जळीत झाले तेव्हा थोरला मुलगा रांगत होता. म्हणजे कागदाप्रमाणे त्यांना बाराव्या वर्षी मूल झाले! अशा वेळी स्थानिक घटनांची दिनदर्शिका करून वय काढतात, आणि तशी दिनदर्शिका करायला आमच्या भागाकडे सामग्री भरपूर आहे: क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची धामधूम, अठ्ठेचाळीसचे जळीत, डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ. पण ती करायला इथला इतिहास आणि इथली बोली जाणणारा माणूस पथकात लागतो.

आपल्या देशात असे काम मुळीच झालेले नाही, असे माझे म्हणणे नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी केली असून तिच्या पहिल्या फेरीचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला आहे. परंतु एवढ्या मोठ्या जाळ्यात एकेका तालुक्यातील नव्वदीची माणसे कितीशी येणार? सातारा-सांगलीत तर तालुका बदलला की म्हातारपण बदलते. पाटण-जावळीतली मुले माथाडी म्हणून मुंबईला, खानापूर-आटपाडीतली गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परराज्यांत, आणि गावात उरलेले दोघे थकलेले जीव एकमेकांना सांभाळत असतात. आमच्या वाळव्याच्या उसाच्या पट्ट्यात घर भरलेले असते, तरी दिवसभर शेतावर गेलेल्या माणसांमुळे म्हातारी एकटीच. म्हणून किती आजार आहेत याबरोबरच, मदत कधीमधी लागते, दिवसातून ठरावीक वेळी लागते की कोणत्याही क्षणी लागेल, हे न्यूकॅसलच्या अभ्यासकांनी जसे पाहिले, तसे इथेही पाहावे.

शिवाजी विद्यापीठाचे क्षेत्र कोल्हापूरबरोबर या दोन्ही जिल्ह्यांत आहे आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांनी मिळून असे पथक उभे करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुरुवात करायला अडचण पडू नये. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांना घरून मतदान करता आले, म्हणजे त्यांच्या याद्या गावोगावी झालेल्याच आहेत. वय तपासून घ्यावे लागेल, एवढेच. पथकाने एकदा येऊन रक्त घेऊन जाऊ नये, पुन्हा यावे, आणि जे हाती लागेल ते ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावे.

आमच्या गावात अशी एकोणीस माणसे आहेत. कोणाला कोणत्या कानाने ऐकू येते आणि कोण दुपारी झोपते, हे मी वहीत लिहून ठेवले आहे. पथक आले तर ती वही घेऊन मी घरोघर सोबत येईन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. वाळवा, जि. सांगली