दागिन्याच्या बिलात खड्याचं वजन वेगळं दाखवा

संपादक साहेब, स.न.

लग्नसराई तोंडावर आहे, इतवारीच्या सराफ्यात पाय ठेवायला जागा नाही अन् पेपरातला सोन्याचा भाव सगळे रोज वाचून राहिले, पण तो भाव नेमका किती वजनाला लावायचा हे कोणी विचारतच नाही, म्हणून हे पत्र.

हॉलमार्क, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचा शिक्का, लोक बघतात, चांगलंच आहे. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, सोबत सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे आणि सरकारी मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून चेक करता येतो. पण हा शिक्का फक्त सोन्याचा. खडा खरा की काचेचा, भरला किती, ते तो सांगत नाही. खड्याचा कॅरेट शुद्धतेचा नाही, वजनाचा; ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम. आता समजा २० ग्रॅमचा हार आहे, त्यात १५ कॅरेटचे खडे, म्हणजे सोनं १७ ग्रॅमच, अन् भाव ग्रॅमला दहा हजार धरला आणि बिल पूर्ण २० ग्रॅमचं बनलं तर तीस हजार रुपये खड्यांचे सोन्याच्या भावात गेले, वरून घडणावळही त्याच वजनावर! अमेरिकन डायमंड, म्हणजे नकली हिरा, तर त्याच साइजच्या खऱ्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जास्त जड असतो. जुना दागिना मोडीत द्यायला गेलं की मात्र खडे काढूनच वजन होते, तेव्हा कोणी खड्याला सोन्याचा भाव देत नाही. हे मला फार खटकते, कारण यात पैसे जातात ते आयुष्यभर जमवून पोरीच्या लग्नाला एक दागिना करणाऱ्यांचे.

हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचं निव्वळ वजन (खडे सोडून), शुद्धता अन् हॉलमार्किंगचा चार्ज वेगवेगळा लिहिणं दुकानदाराला बंधनकारक आहे. शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई अन् टेस्टिंगचा खर्च मिळतो, पण त्यासाठी बिल हातात पाहिजे ना. कुंदन, पोलकी, जडाऊ अशा खडे जडवलेल्या दागिन्यांना तर हॉलमार्कची सक्तीच नाही, आत लाखेचा भरावही असतो, तिथं निव्वळ वजन लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊच नका.

तुम्हाला विनंती एवढीच की भावाच्या चौकटीत २४ सोबत २२ अन् १८ कॅरेटचाही भाव रोज द्या, हिऱ्याचे बरेच दागिने १८ मध्येच येतात, आणि खाली एक ओळ टाका, 'बिलात निव्वळ वजन बघा'.

एक वाचक, महाल, नागपूर