ट्रीटमेंट झालेल्यांनो, शनिवारी थोडा टाइम द्या

नमस्कार मंडळी,

आपलं मंडळ भोईवाड्यातलं, कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल इथून चालत जाण्यासारखं. १९४१ पासून ते परळला आहे, त्यामुळे फुटपाथवर फाइल छातीशी धरून बसलेले पेशंट आपल्याला रोजचेच. त्यांना जेवण, चादरी देणारी माणसं बरीच आहेत, दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही आहे, आणि हे सगळं लागतंच. पण या आजारातून स्वतः गेलेलं कोणीतरी शेजारी बसून बोलायलाही लागतं हो, आणि ते माणूस सहज मिळत नाही.

मी स्वतः ब्रेस्टचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं केलंय. केस जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी उशीवर पुंजके दिसले तेव्हा हातपाय गळाले. केमोला बाजूच्या खुर्चीत साताऱ्याकडच्या एक ताई होत्या, त्यांनी स्कार्फ सोडून डोक्यावर नुकते उगवलेले केस दाखवले आणि म्हणाल्या हात लावून बघ. त्या रात्री मी नीट झोपले.

म्हणून आता दर शनिवारी दुपारी मंडळाच्या ऑफिसात पेशंट आणि घरचे एकत्र बसणार आहेत. ज्यांची ट्रीटमेंट संपलीय त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून नक्की या. तोंडाच्या कॅन्सरवाले पुरुष तर हवेतच हवेत, कारण ऑपरेशननंतर बोलणं अस्पष्ट होतं, नाकातून नळी असते आणि माणूस घरच्यांशीसुद्धा बोलायचं टाळतो, अशा वेळी आइस्क्रीमच्या काड्या दातांमध्ये ठेवून तोंड उघडायचा व्यायाम आपण कसा चालू ठेवला, किती कंटाळा यायचा, हे त्यातून गेलेल्यानेच सांगावं. हिंदी, बंगाली बोलणारेही या, लांबून आलेल्यांना इथे आपल्या भाषेत बोलायला कोणी नसतं.

एक गोष्ट मात्र कडक पाळायची, औषधाचा सल्ला कोणीही द्यायचा नाही, काढे आणि जडीबुटी तर अजिबातच नाही. सर्दी-ताप असेल तर त्या शनिवारी येऊ नका, केमोवाल्यांच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधं इन्फेक्शनही त्यांना जड जातं. आणि कुठल्या पेशंटला ताप १००.४ च्या वर गेला तर गप्पा तिथेच थांबवून सरळ हॉस्पिटल.

आता मदतीचं. जमिनीवर बसणं यांना जमत नाही, त्यामुळे पाठ टेकता येईल अशा खुर्च्या हव्यात. मऊ सुती स्कार्फ द्या पण नवीन द्या, वापरलेले नकोत. चहा, मऊ खिचडी, ताक यासाठी आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्या टॅक्सीसाठी पैसे लागणार, आपल्या भागात रिक्षा नाहीत त्यामुळे जवळच जायचं तरी टॅक्सीच करावी लागते. जी रक्कम जमेल ती द्या, पावती मिळेल आणि हिशोब दर महिन्याला बोर्डावर लागेल.

संध्याकाळी ७ नंतर ऑफिस उघडं असतं. पैसे नसतील तरी या, नाव लिहून जा, आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणाची केमो चालू असेल तर त्यांना शनिवारी सोबत घेऊन या.